डेड स्टॉकमधल्या गिटारी

नवी मुंबईत गिटार ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. वाशी-नेरूळच्या इमारतींवर गिटारच्या क्लासच्या पाट्या झळकतात, लोकलच्या डब्यात पाठीवर काळी पिशवी अडकवलेला एखादा तरुण हमखास भेटतो, आणि आमच्या चर्चमधील युवकांच्या गायकवृंदाचे तर गिटारीवाचून पान हलत नाही. मी येथे सांगणार आहे ती हकीकत मात्र या गिटारीची नाही. एका सार्वजनिक माध्यमिक शाळेत, जिथे फी नाही आणि जिथल्या बहुतेक मुलांच्या घरी मोबाइलखेरीज गाणारी वस्तू नाही, तेथे अभिजात गिटारीचा वर्ग कसा उभा राहिला आणि त्याने आम्हां मोठ्या माणसांपुढे कोणते प्रश्न ठेवले, याची ही हकीकत आहे.

प्रथम या दोन गिटारींमधला फरक सांगावयास हवा. सहलीला किंवा चर्चमध्ये आपण ऐकतो ती बहुधा पोलादी तारांची गिटार. हातात प्लास्टिकची छोटी पट्टी धरून सर्व तारा एकदम छेडायच्या आणि गाण्याला साथ द्यायची. चार-पाच कॉर्ड बोटांत बसले की दोन महिन्यांत माणूस गाण्याबरोबर वाजवू लागतो. मीही माझ्या तरुणपणी सेमिनरीत इतकेच शिकलो आणि आजवर त्यावर निभावून नेले. अभिजात गिटार नायलॉनच्या तारांची असते. डावा पाय छोट्या चौकीवर टेकवून ती मांडीवर घेतात. पट्टी नसते. उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे यांनी तारा वेगवेगळ्या वाजवायच्या असतात, करंगळीला सुट्टी. अंगठा खालचे, खर्जाचे स्वर सांभाळतो आणि बोटे वरची चाल गातात, म्हणजे एकच माणूस गायकही होतो आणि साथीदारही. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावी लागते. आवाज मृदू असल्यामुळे भोवती शांतता लागते. आणि पहिले सहा महिने पाहुण्यांपुढे वाजवून दाखवावे असे काहीही हाती लागत नाही. आमच्या वर्गाच्या साऱ्या अडचणी आणि सारे भाग्य या शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

या वाद्याच्या वाढीला धर्मगुरूंचे आणि मठांचे हात लागले आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. स्पेनमधील सारागोसा येथे १६७४ साली गिटारवादनाचे एक महत्त्वाचे शिक्षणपुस्तक निघाले. त्याचे लेखक गास्पार सान्स हे सालामांका विद्यापीठात ईशज्ञान शिकलेले धर्मगुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस माद्रिदमध्ये फादर बासिलिओ नावाचे सिस्टर्शियन संन्यासी गिटार शिकवीत. दिओनिसिओ आग्वादो हा मोठा वादक त्यांचा शिष्य. फेर्नांदो सोर (१७७८-१८३९), ज्यांचे छोटे छोटे पाठ आज जगभर विद्यार्थी गिरवतात, ते माँत्सेरातच्या मठातील गायनशाळेत घडले. पुढे तारा होत्या त्या प्राण्यांच्या आतड्यांच्या, महाग आणि लहरी. दुसऱ्या महायुद्धात हे तातडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागले, तारांचा तुटवडा पडला, आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा घडवल्या. थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. गरिबांच्या शाळेत हे वाद्य आज परवडते याचे एक कारण ती युद्धकाळातील टंचाई आहे.

आमची सुरुवात अगदी साधी. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत ही शाळा आहे. तिथली मुले माथाडी कामगारांची, बांधकामावर नाक्यावरून जाणाऱ्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून आलेली कुटुंबे. थोडीशी जुन्या गावठाणांतली आगरी-कोळी मुलेही. ख्रिस्ती मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. धर्मग्रामातील एक तरुण अभिजात गिटारीच्या ट्रिनिटीच्या परीक्षा देऊन क्लास घेत असे. त्याच्या मनात होते की फी भरू शकणाऱ्यांच्या पलीकडे हे वाद्य जावे. आम्ही दोघे मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. बाई अनुभवी आणि स्पष्टवक्त्या. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फादर, वर्ग चालू करा. पण तुमची गीतं-प्रार्थना त्यात नको हं. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल." मी म्हणालो, "बाई, तुम्ही सांगाल तसंच." हा शब्द मी सहज दिला. तो पाळणे किती अवघड जाणार आहे, ते पुढे कळायचे होते.

मग व्यवस्था ठरली. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी देणग्या दिल्या, त्यांतून पंधरा गिटारी घेतल्या, त्यांपैकी सहा लहान हातांसाठी आखूड मापाच्या. लाकडाच्या बाबतीत आमच्या गुरुजींनी एक शहाणपणाचा सल्ला दिला. अखंड लाकडाच्या पाटाची गिटार गोड वाजते, पण खाडीकाठच्या आपल्या पावसाळ्यात ती फुगते, तिची घोडी उखडते. शाळेच्या कपाटात चार महिने काढायचे तर थरांच्या लाकडाची साधी गिटारच बरी. नव्या नायलॉनच्या तारा पहिले आठ दिवस सतत उतरत राहतात, म्हणून वर्गातला पहिला धडा वाजवण्याचा झालाच नाही, तो झाला खुंट्या पिळून तारा जुळवण्याचा. पंधरा मुले पंधरा दिवस फक्त सूर मिळवत बसली. शिपाईमामा येऊन विचारून गेले, "सर, बिघडल्यात काय सगळ्या?"

गुरुजींना मानधन द्यायचे, हे मी आरंभीच धरून बसलो. ते स्वतः फुकट शिकवायला तयार होते. पण सेवाभावावर चालणारी शाळा सेवाभाव थकला की बंद पडते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. देणगी शाळेकडे जावी, शाळेने मानधन द्यावे, वेळापत्रकात तासाची नोंद असावी आणि वर्ग शाळा सुटल्यावर नव्हे तर शाळेच्या वेळात व्हावा, असे ठरले. शाळा सुटल्यावर ज्यांना धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, त्यांच्यासाठी सुटल्यानंतरचा वर्ग म्हणजे नसलेला वर्ग.

पंधरा मुले निवडायची कशी? बाईंनी हुशार विद्यार्थ्यांची यादी तयार ठेवली होती. गुरुजी म्हणाले, "बाई, कान कुणाला आहे हे मला आज कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. चिठ्ठ्या टाकू." आठवीच्या वर्गात डब्यातून चिठ्ठ्या काढल्या गेल्या. मला वाटते, या उपक्रमातील सर्वांत मोठा निर्णय तो होता. खाजगी क्लासमध्ये आवड असलेले, पैसे असलेले, पालकांनी आणून सोडलेले मूल येते. सार्वजनिक शाळेतला वर्ग मात्र समोर बसलेल्या प्रत्येक मुलाचा असतो. गुण सिद्ध करून आत यायचे नसते. आत आल्यावर गुण दिसतात.

अशा वर्गात शिकवण्याची रीतही वेगळी लागते. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी 'ऑस्टिन क्लासिकल गिटार' ही संस्था या शतकाच्या आरंभापासून सरकारी शाळांत असे वर्ग चालवीत आली आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल लिपीतील पाठ तिने तयार केले, बालसुधारगृहातही हे वाद्य नेले. आमच्या गुरुजींनी त्यांच्या पद्धतीतले एक सूत्र उचलले: पहिल्या दिवसापासून सर्वांनी मिळून वाजवायचे, आणि एकाच रचनेत सोपे व अवघड असे निरनिराळे भाग ठेवायचे. ज्याला फक्त मोकळी तार वाजवता येते त्यालाही त्या रचनेत जागा असते. किंबहुना त्याच्या खर्जावर बाकीचे उभे राहतात. कोळीवाड्यातील एका ओळखीच्या चालीचे त्यांनी असे चार भाग केले. वरची चाल वाजवणारे तिघे, मधले स्वर भरणारे सहा, आणि तळाशी दोन मोकळ्या तारा आळीपाळीने धरणारे उरलेले.

त्या तळाच्या रांगेत एक मुलगी होती. आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत नसे. आईच्या कंबरेने दगा दिला की तिची घरे मुलगी करी. शिक्षकांनी समज दिली होती, चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, उपयोग झाला नव्हता. पहिल्या सत्रात तळाच्या रांगेत सहाजण होते. सत्र संपेस्तोवर गळती होऊन ती एकटी उरली. एका शनिवारी ती आली नाही. मुले वाजवू लागली आणि मध्येच थांबली. वरची चाल बरोबर होती, मधले स्वर बरोबर होते, पण सगळे अधांतरी लटकल्यासारखे. कोणी तरी म्हणाले, "सर, खाली काहीच नाही." मधल्या सुट्टीत दोन मुली परवानगी घेऊन तिच्या वस्तीवर गेल्या. सोमवारी आई स्वतः शाळेत आली. भांडायला आली असावी असे बाईंना वाटले. तिने विचारले, "बाई, ही पोरं म्हणत्यात, माजी पोरगी नसली की अडतं. खरंच अडतं का?" बाई म्हणाल्या, "हो. अडतं."

त्या दिवसापासून ती मुलगी एकदाही गैरहजर राहिली नाही, असे लिहिले तर ते खरे ठरणार नाही. आईची कंबर काही गिटारीने बरी झाली नाही. परंतु शनिवार मात्र सहसा चुकला नाही. तो दिवस आईने कसाबसा मोकळा ठेवला. मी त्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्या मोठ्या शाळांमध्ये मूल आले नाही तर हजेरीपटात एक खूण होते. येथे गैरहजेरी कानाला ऐकू आली. "तू नसलीस तर आमचे अडते" हे वाक्य त्या घरात आजवर फक्त मालकिणींनी उच्चारले असेल, आणि तेही वेगळ्या अर्थाने.

छोट्या अडचणींचीही मजा होती. अभिजात वादकाला उजव्या हाताची नखे किंचित वाढवावी लागतात आणि डाव्या हाताची बारीक कापावी लागतात. शाळेत दर सोमवारी नखांची तपासणी. पुढे-पुढे शिकलेल्या चार मुलांच्या उजव्या हातावर पट्टी पडायची वेळ आली. शेवटी वर्गशिक्षकांच्या माहितीसाठी गुरुजींनी एक पत्रच लिहून दिले आणि बाकीच्यांनी दोन वर्षे तरी बोटांच्या पेरांनीच वाजवावे असे ठरले.

आक्षेप मात्र छोटे नव्हते. आमच्या धर्मग्राम परिषदेतील एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांचा मी फार आदर करतो, त्यांनी सरळ विचारले, "फादर, त्या पोरांना भाकरीची चिंता. गिटारीनं काय होणार?" प्रश्न रास्त होता. बंगालमधील कालिंपाँग येथे कॅनेडियन येशूसंघीय फादर एडवर्ड मॅग्वायर यांनी १९९३ साली मजुरांच्या मुलांसाठी गांधी आश्रम स्कूल सुरू केले. तेथे मुलांना जेवण दिले आणि व्हायोलिनही दिले. त्यांनी जेवणाचा प्रश्न सुटेपर्यंत संगीताला थांबवून ठेवले नाही. भाकरीची चिंता असलेल्या मुलाला फक्त भाकरीचेच समजते, असे गृहीत धरणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय.

दुसरा आक्षेप शाळेतील एका शिक्षकांचा. "परदेशी वाद्य कशाला? पेटी-तबला आहेच की." पेटी-तबला आहेच आणि राहो, पण पेटी तरी कुठली? हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून आपल्याकडे आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आज तिच्याविना भजन रंगत नाही. आमच्या घरीही हेच झाले आहे. पोप पायस दहावे यांनी १९०३ च्या आज्ञापत्रात चर्चमध्ये पियानोला मनाई केली, ढोल-झांजांनाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले. गोरेगावची आमची सेमिनरी पायस दहावे यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि तेथेच आम्ही बंधू गिटारी वाजवीत बसत असू. ब्रिजभूषण काबरा यांनी तर गिटार आडवी मांडीवर घेऊन तीवर राग उभे केले. वाद्याचे गाव त्याच्या जन्मस्थळावरून ठरत नाही, ते कोणाच्या हाती रुळले यावरून ठरते.

खरा पेच तिसरा. वर्गाला दोन वर्षे झाली, मुले बरी वाजवू लागली, आणि नाताळ जवळ आला. परिषदेत विषय निघाला की मध्यरात्रीच्या मिस्सेला या गिटारी आणाव्यात. "गिटारी आपल्याच लोकांच्या पैशांच्या ना, फादर? निदान वाद्यं तरी न्यायला काय हरकत?" बोलणाऱ्यांच्या मनात काही वावगे नव्हते. दिलेल्या दानाचा थोडा आनंद आपल्या वेदीसमोरही दिसावा, ही साधी इच्छा. परंतु एव्हाना त्या पंधराही गिटारी शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढल्या होत्या. सरकारी शाळेत बाक, फळा, घंटा, जे जे टिकाऊ, ते या नोंदवहीत अनुक्रमांकासह लिहिले जाते. प्रत्येक गिटारीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक पडला होता. शाळेच्या वस्तू शाळेबाहेर न्यायच्या तर लेखी परवानगी, आणि मी बाईंना दिलेला शब्द तर त्याहून जड. मी सभेत सांगितले की त्या आता आपल्या नाहीत. काही जण नाराज झाले. एका कुटुंबाने पुढल्या वर्षी देणगी दिली नाही, आणि त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही.

या निर्णयाला आपल्याच इतिहासाचा आधार मला सापडला. सोळाव्या शतकापासून गोव्याच्या गावोगावच्या धर्मग्रामशाळांत मेश्त मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू उघड होता, चर्चमधील उपासनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण त्या शाळांचे पीक चर्चच्या कुंपणात मावले नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्याच परंपरेतले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्यांनी वाद्यवृंदाची रचना रुजवली, आणि लहानग्या प्यारेलालला व्हायोलिन शिकवले. प्यारेलालजींनी ते ऋण असे मानले की 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात गुरूचे नावच गुंफले गेले. गुरूने शिष्याला व्हायोलिन दिले. त्यावर त्याने कोणाची स्तुती वाजवावी, हे विचारले नाही.

आणि दुसरा आधार तर आमच्या वाशीतच आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू येथे उभी आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, राजाच्या मर्जीवर नव्हे तर लोकांच्या आश्रयावर. स्वरलिपी केली, क्रमिक पुस्तके केली, वर्गात एकत्र शिकवले. घराण्याच्या बंद दारामागील विद्या त्यांनी मध्यमवर्गाच्या घरात आणली. पुढे मुंबईतील त्यांच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली, तरी विद्या गेली नाही, कारण ती तोवर शिष्यांच्या हाती पडली होती. टिकते ते इमारतीच्या किंवा माणसाच्या नावावर नसलेलेच.

म्हणून त्या डेड स्टॉक रजिस्टरचे मला कौतुक वाटते. नाव मृत, पण आमच्या वर्गाचे आयुष्य त्याच नोंदीत आहे. धर्मगुरूंच्या बदल्या होतात. माझीही फार दूर नाही. बाई निवृत्त होतील. गुरुजींना एका मोठ्या शाळेने दुप्पट पगारावर बोलावले होते. ते या वर्षी गेले नाहीत, पण पुढल्या वर्षी लग्न आहे, आणि त्यांनी जावे असे मीच त्यांना म्हटले आहे. त्यांच्या जागी कोण, याचा विचार आम्ही आत्ताच करीत आहोत. पहिल्या तुकडीतील दोघे दहावी होऊन कॉलेजात गेले तरी शनिवारी येऊन आठवीतल्या मुलांच्या तारा जुळवून देतात. मानधनाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पहिल्या पंधरांपैकी नऊजण शेवटपर्यंत टिकले, तेही सांगितले पाहिजे. सहाजण गळाले: कोणाचे कुटुंब काम संपून गावी परतले, कोणी कंटाळले.

वाचकांपैकी कोणाच्या कपाटावर नायलॉनच्या तारांची जुनी गिटार धूळ खात पडली असेल, तर आपल्या वस्तीजवळची एखादी सार्वजनिक शाळा शोधावी. तेथील मुख्याध्यापकांशी बोलावे. गिटार देताना तिची नोंद करून घ्यावी आणि पोचपावती मागावी, स्वतःसाठी नव्हे, त्या मुलांसाठी. कारण ज्याची नोंद नसते ते शाळेतून सर्वांत आधी नाहीसे होते. आणि शक्य झाले तर शिकवणाऱ्याच्या वर्षभराच्या मानधनाचीही सोय लावावी. वाद्य एकदा दिले की संपते, शिकवणे मात्र दर शनिवारी नव्याने द्यावे लागते.